ओरिजिनचं बॅच पीक अॅनालिसिस: शंभर कॉलमचं काम, पण थीम नीट बनवा

रामन मॅपिंग (सॅम्पलवर ठिकठिकाणी लेझर मारून विखुरलेल्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम घेणं) करणाऱ्यांना माहितीये, एका सॅम्पलमागे शंभर-दोनशे स्पेक्ट्रा सहज निघतात, पहिल्या कॉलममध्ये रामन शिफ्ट (प्रकाशाची ऊर्जा किती सरकली ते, cm⁻¹ मध्ये) आणि पुढे नुसती इंटेन्सिटीची रांग, त्यात एकेक पीक कर्सरने शोधत बसायचं म्हणजे डोक्याला ताप. लॅबमध्ये ओरिजिन हे ग्राफ आणि डेटा अॅनालिसिसचं सॉफ्टवेअर असेल तर हे हाताने करू नका राव.

करायचं एवढंच की पीक अॅनलायझर उघडून एका कॉलमवर सगळं बसवायचं, बेसलाईन (पीकखालची पार्श्वभूमी) कशी काढायची, पीक कुठल्या पद्धतीने शोधायचे, किती उंचीखालचे सोडायचे, आणि ही सगळी सेटिंग्ज थीम म्हणून सेव्ह करायची. मग बाकीचे कॉलम सिलेक्ट करून अॅनालिसिस मेनूत पीक्स अँड बेसलाईनखाली बॅच पीक अॅनालिसिस युझिंग थीम. चहा येईपर्यंत सगळ्यांचे रिझल्ट हजर.

आता खरी गोम. थीम सगळ्यांना एकच लागते, त्यामुळे बहुतेक लोक सगळ्यात देखणा स्पेक्ट्रम घेऊन थीम बनवतात आणि मग खराब कॉलममध्ये नॉइजचेच पीक मोजून येतात. उलट करा, सगळ्यात गचाळ कॉलमवर थीम बनवा. आणि कॉस्मिक रेचे (अवकाशातून येऊन डिटेक्टरवर आदळणाऱ्या कणांचे) स्पाईक आधी काढाच, कारण उंचीचा फिल्टर टक्क्यांत असतो, एक-दोन पॉईंट रुंदीचा एखादा स्पाईक सगळ्यांच्या वर गेला की त्याच्या तुलनेत खरे पीक बुटके ठरतात आणि गुपचूप गाळले जातात, एरर वगैरे काही येत नाही.

ग्राफीनचंच (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) घ्या. १५८० cm⁻¹ च्या आसपासचा ‘जी’ (G) नावाचा पीक कुठल्याही पद्धतीने सापडतो, पण डिफेक्ट असले की १६२० जवळ त्याला जो खांदा येतो तो लोकल मॅक्झिमम पद्धतीने (शेजारच्या पॉईंटपेक्षा उंच पॉईंट शोधणारी) दिसणार नाही, कारण तिथे शिखर असं नसतंच. तिथे सेकंड डेरिव्हेटिव्ह (वक्राचा बाक बघणारी पद्धत) लावा, फक्त डेरिव्हेटिव्हने नॉइज फुगतो म्हणून स्मूदिंग ठेवा, तेही बेताने, नाहीतर खांदा स्मूदिंगमध्येच सपाट.

पीकचं फिटिंग हवं असेल तर प्रो व्हर्जन लागतं. ओरिजिन चालतं विंडोजवर, मॅकवाल्यांना फुकटचा व्ह्यूअर आहे पण त्यात नुसतं बघायचं. पैसे घालायचे नसतील तर पायथॉनमध्ये सायपाय लायब्ररीचं फाइंड पीक्स हे फंक्शन आहे, फुकट आणि भारी, प्रॉमिनन्सवर (पीक आजूबाजूच्या पातळीपेक्षा किती वर उठलाय त्यावर) फिल्टर लावता येतो जे डोंगराळ बेसलाईनवर नुसत्या उंचीपेक्षा कितीतरी बरं पडतं, फक्त त्यातलं डिस्टन्स (दोन पीकमधलं किमान अंतर) हे पॉईंटच्या संख्येत असतं, रामन शिफ्टच्या युनिटमध्ये नाही. कोडिंगचा कंटाळा असणाऱ्यांना मात्र मी ओरिजिनच सांगेन, पाचपैकी चार स्टार, आणि रिझल्ट आल्यावर पाच-सहा कॉलम कुठलेही उचलून ग्राफवर पीकच्या खुणा बघून घ्या, मगच गाईडला मेल टाका.