जळगावात बसून की पुण्याला जाऊन? आरएचसीईच्या तयारीचा हिशेब

गेल्या महिन्यात चोपड्याहून आतेभावाचा फोन आला. रेड हॅट या लिनक्स बनवणाऱ्या कंपनीची आरएचसीएसए ही पहिली परीक्षा पदरात पडलीय, आता पुढची आरएचसीई, म्हणजे ईएक्स२९४ क्रमांकाचा पेपर, द्यायचा आहे. "दादा, पुनाले जाऊ का आठेच बसू?" एवढाच प्रश्न. मी तेव्हा उभ्या उभ्या काहीतरी उत्तर दिलं. पण धुळे-नंदुरबारकडची पोरंही हेच विचारतात, म्हणून जरा बैजवार मांडतो.

आधी परीक्षेचा स्वभाव, कारण निवड त्यावरच ठरते. ४ तासांचा पेपर, ३०० पैकी २१० गुण मिळाले की पास, आणि पर्यायावर खूण करायचा एकही प्रश्न नाही. समोर जिवंत मशीन असतात. कंट्रोल नोडवर, म्हणजे हुकूम सोडणाऱ्या मशीनवर, बसायचं आणि ॲन्सिबल या ऑटोमेशनच्या साधनाच्या प्लेबुकांनी (कामांची यादी लिहिलेल्या फायलींनी) बाकीच्या मशीनवर, म्हणजे नोडवर, युजर, डिस्क, सर्व्हिस, फायरवॉल, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) हे सगळं लावायचं. वॉल्टमध्ये (कुलूपबंद फाइलमध्ये) पासवर्ड झाकायचे, रोल (पुन्हा वापरता येणारे कामांचे संच) लिहायचे, टेम्प्लेट बनवायचे. इंटरनेट नाही. आधार काय तो ॲन्सिबल-डॉकचा (ॲन्सिबलच्या मशीनवरच्याच मदत-पानांचा) आणि मशीनवर असलेल्या माहितीचा.

खरी गोम तपासणीत आहे. तुमची प्लेबुकं नव्याने इन्स्टॉल केलेल्या कोऱ्या मशीनवर चालवतात आणि सांगितलेलं काम झालं का ते बघतात. म्हणजे एखाद्या नोडमध्ये एसएसएचने (दुरून लॉगिन करून) शिरून हाताने डागडुजी केली, तर तुमच्यासमोर सगळं चालू दिसेल, पण कोऱ्या मशीनवर ती डागडुजी नसेल. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला ही सवय मोडायला फार जड जाते. मला तर पहिल्यांदा नापास होईपर्यंत मोडली नव्हती.

आता पुणे. कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, क्लासची फी, आणि दोन-तीन महिने कमाई बंद. त्या बदल्यात काय मिळतं? अडलं तर विचारायला माणूस मिळतो, सोबत चार पोरं मिळतात, आणि मधल्या वेळात मुलाखतीला जाता येतं. ही तिसरी गोष्ट मी कमी लेखत नाही. ज्याला नोकरीच हवी आहे आणि सर्टिफिकेट हे निमित्त आहे, त्याने पुण्याला जावंच.

पण परीक्षेपुरतं बोलायचं तर क्लासमध्ये एक फसगत असते. मी लावलेल्या क्लासात सर प्रोजेक्टरवर प्लेबुक दाखवायचे, आम्ही ते उतरवायचो आणि सगळ्यांचंच चालायचं. कोऱ्या स्क्रीनसमोर बसलो तेव्हा कळलं की मला वाचता येतं, लिहिता येत नाही. म्हणून क्लास बघायला गेलात तर सरांची किती वर्षांची नोकरी झाली ते नंतर विचारा. आधी विचारा, लॅब रात्री वापरता येते का आणि मशीन पुसून पुन्हा बसवू देता का. कोणी "खरे प्रश्न देतो" म्हणालं तर तिथूनच परत फिरा. परीक्षेला बसताना प्रश्न गुप्त ठेवण्याचं कबूल करावं लागतं, आणि तो नियम मोडला तर सर्टिफिकेट हातचं जाऊ शकतं.

क्लासच्या नोट्स कोणत्या सालच्या आहेत तेही बघा. २०१९ मध्ये आरएचईएल ८ (रेड हॅटच्या लिनक्सची ८ वी आवृत्ती) आलं, त्याच्या आधीची आरएचसीई म्हणजे ईएक्स३००. ती वेगळीच होती, सर्व्हिस हाताने लावायची. त्यानंतर सगळी परीक्षा ॲन्सिबलवर गेली, आणि ९ व्या आवृत्तीपासून प्लेबुक चालवायचा ॲन्सिबल-नॅव्हिगेटरही अभ्यासात आला. जुन्या झेरॉक्सवर अभ्यास केला तर भलत्याच परीक्षेची तयारी होते.

घरी बसण्याचा सगळ्यात मोठा तोटा लाइट जाणं हा नाही. घरचे हा आहे. "घरीच तर आहे" म्हणून केळीच्या गाडीवर उभं राहायला तुम्हाला पाठवतात, लगीनसराईत पत्रिका वाटायला पाठवतात. शिवाय मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी लॅपटॉप आणि माणूस दोघंही तापतात. माझा उपाय साधा होता: पहाटे ५ ते ७. त्या वेळेला कोणी हाक मारत नाही, नेट बरं चालतं, आणि दोन तासांत एक छोटा प्रश्नसंच सोडवून होतो. शनिवारी सलग ४ तास, मध्ये न उठता. क्लासमध्ये असा ४ तासांचा सराव मला कधीच मिळाला नव्हता.

लॅबसाठी भाड्याचं क्लाउड मशीन की घरचा लॅपटॉप? मी लॅपटॉपच्या बाजूने आहे. क्लाउडवर मशीन क्षणात उभं राहतं खरं, पण रात्री बंद करायला विसरलं की बिल चढतं. एका सणाला मी गावी गेलो आणि चार मशीन चालूच राहिली. ते बिल भरताना रॅमची आठवण आली. ८ जीबीच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन म्हणून (एकाच लॅपटॉपच्या आत) एक कंट्रोल नोड आणि दोन नोड कसेबसे चालतात. १६ जीबी असेल तर चार नोड निवांत. सेकंडहँड लॅपटॉपला रॅम वाढवून एसएसडी टाकली तर पुण्याच्या एक-दोन महिन्यांच्या राहण्या-खाण्याइतक्या पैशांत काम भागावं. प्रत्येक नोडला एक जास्तीची छोटी डिस्क जोडा, एलव्हीएमच्या (डिस्कचे भाग जोडण्या-वाढवण्याच्या) सरावाला लागते. सगळं बसवून झालं की स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली अवस्था) काढून ठेवा, म्हणजे दोन मिनिटांत मशीन पुन्हा कोरं.

ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आता रडायचं कारण नाही. रेड हॅटचं वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट आहे आणि त्यावर १६ पर्यंत सिस्टीम चालतात. रॉकी किंवा अल्मा या आरएचईएलसारख्याच फुकट लिनक्सवरही सराव होतो, पण परीक्षा ज्यावर आहे त्यावरच हात बसलेला बरा.

घरी सराव कसा करायचा, यावर सगळं अवलंबून आहे. लिहिलेलं प्लेबुक जपून ठेवू नका, पुसा आणि तीन दिवसांनी पुन्हा लिहा. ब्राउझर बंद. मॉड्यूलचं (एकेक काम करणाऱ्या ॲन्सिबलच्या तुकड्याचं) नाव आठवलं नाही तर ॲन्सिबल-डॉकची यादी काढून त्यात शोधा, आणि पानाच्या तळाशी उदाहरणं असतात तिथे थेट उडी मारा. पहिल्या आठवड्यात हे फार मंद वाटतं, पण पुढे हेच वाचवतं. व्हिम या एडिटरमध्ये टॅबच्या जागी दोन स्पेस येतील अशी सोय परीक्षेच्या पहिल्या मिनिटाला करायची, आणि ती ओळ पाठ असायला हवी. यामलमध्ये, म्हणजे प्लेबुक ज्यात लिहितात त्यात, एक स्पेस सरकली की सगळं अडतं. प्रत्येक प्लेबुक दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी बदल शून्य दिसला पाहिजे. नाही दिसला तर कुठेतरी शेल मॉड्यूलने, म्हणजे सरळ कमांड चालवून, ढकलगाडी केलेली असते. शेवटी स्नॅपशॉटवर मागे जाऊन कोऱ्या नोडवर एकदा चालवा. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण परीक्षेत तुमची प्लेबुकं अशीच तपासली जातात.

आता परीक्षा द्यायची कुठे, घरून की केंद्रावर? इथे मी बाजू बदलतो. अभ्यास घरी करा म्हणणारा मी, परीक्षा मात्र केंद्रावर द्या म्हणतो. घरून देता येते, पण त्यासाठी रेड हॅटच्या खास लाइव्ह यूएसबीवरून तुमचा लॅपटॉप बूट व्हावा लागतो, वेगळा वायरचा वेबकॅम लागतो, आणि टेबल-खोली रिकामी करून कॅमेऱ्यावर दाखवावी लागते. सगळ्या लॅपटॉपवर ती यूएसबी चालतेच असं नाही, म्हणून चाचणी आधी करून घ्यावी. हे सगळं जमलं तरी गल्लीतली डीपी उडाली तर काय? लॅपटॉपची बॅटरी टिकेल, राउटरचं काय? इन्व्हर्टर असेल, नेट फायबरचं असेल आणि दार लावून ४ तास घर गप्प राहील अशी खात्री असेल, तर घरून द्या आणि प्रवास वाचवा. आमच्या घरी दुसऱ्या मजल्यावर मिक्सर लागला तरी खाली ऐकू येतो. मी रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलो, एक दिवस आधी पोचलो, मित्राकडे झोपलो आणि केंद्रावर बसलो. महाराष्ट्र एक्स्प्रेस जळगावहून थेट पुण्याला नेते. फक्त सुट्टीच्या दिवसांत आरक्षण आधी काढा.

तारीख कधी घ्यायची? सलग तीन शनिवारी स्वतःचा ४ तासांचा संच ३ तासांत संपला की. त्याआधी घेतली तर मन सारखं तारखेकडे धावतं. आणि सर्टिफिकेट ३ वर्षंच चालू राहतं, म्हणजे कामाला लागायच्या बऱ्याच आधी काढून कपाटात ठेवण्यातही अर्थ नाही.

आतेभावाला मी सांगितलं: तुझं आरएचसीएसए झालंय, वरची खोली मोकळी आहे, एका बँकेत दिवसाची नोकरी आहे. तू चोपड्यातच बस. आरएचसीएसए झालं नसतं आणि लिनक्सचीच भीती वाटत असती, तर पुण्याचं तिकीट मीच काढून दिलं असतं. त्याने रॅम मागवली आहे. आत्या मात्र अजून विचारते, "मग पुण्याला कधी निघतोस?"