भुयाराच्या गेममध्ये एकच नवी कृती घालायचीय: ढकल, कानोसा की धूर?

देवगिरी किल्ल्यातल्या अंधारी भुयारासारख्या जागेवर चालींचा गेम, म्हणजे एक चाल तुमची, मग एक शत्रूची असा, करायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. मग ते संभाजीनगरचे असोत, लातूरचे की नांदेडचे. चालणं, मारणं, उचलणं, थांबणं एवढं कोडमध्ये बसलं की पुढचा प्रश्न येतो: खेळणाऱ्याच्या हातात अजून काय द्यायचं? इथं तीन पर्याय तोलले आहेत. शेजारच्या शत्रूला ढकलणं, दाराशी कानोसा घेणं आणि धूर करणं.

तोलायची कसोटी एकच: हे बटण दाबू नये असं वाटावं, असे प्रसंग गेममध्ये येतात का? दर वेळी दाबावंसं वाटणारं बटण म्हणजे खेळणाऱ्याच्या बोटाला लावलेली मजुरी. याचं जुनं उदाहरण म्हणजे 1980 च्या 'रोग' (Rogue) या भुयाराच्या गेममधला लपलेल्या दारांचा शोध. रस्ता बंद झाला की भिंतीपाशी उभं राहून तीच कळ दाबत राहायची. त्याच जातीच्या 'नेटहॅक' गेममध्ये आकडा आधी देऊन एकदम वीस चाली शोधता येतं. बोटं वाचतात, पण विचार करायला तिथं काहीच नसतं. 'डंजन क्रॉल स्टोन सूप' या तसल्याच गेमने तर उघड धोरणच ठेवलं की ज्या निवडीचं उत्तर आधीच ठरलेलं आहे, ती गेममध्ये ठेवायची नाही.

कानोसा

आधी हा निकाली काढू, कारण ऐकायला सगळ्यात गोड हाच लागतो. बंद दाराशी 3 चाली थांबायचं आणि पलीकडं कोण आहे ते कळायचं. हिशेब मांडा. एका मजल्यावर 12 दारं धरली तर 36 चाली जातात. एका मजल्याची शिदोरी 1800 चालींची असेल तर हा खर्च 2 टक्के झाला. एवढ्यासाठी कोणी आंधळेपणानं दार उघडणार नाही, प्रत्येक दाराशी बटण दाबलं जाणार. किंमत 10 चालींवर नेली तरी दाबतीलच, फक्त कंटाळून. कानोसा घेताना पाठीमागचं दिसणार नाही अशी अट घातली तर थोडा धोका येतो. पण मागची खोली आधी मोकळी करून घेतली की तोही संपतो.

आमचं मत असं की कानोसा ठेवा, पण त्याचं बटण करू नका. खेळणारा एक चाल जागेवर थांबला की आवाज आपोआप यावेत. 'नेटहॅक'मध्ये मजल्यावर कारंजं असेल तर पाणी बुडबुडल्याचा आवाज अधूनमधून न मागता कानावर येतो, तसं. आवाजाचं अंतर सरळ रेषेत मोजू नका. खेळणारा ज्या घरात (नकाशाच्या चौकोनात) उभा आहे, तिथून शेजारच्या घरांत पसरत जाणारी मोजणी वापरा आणि बंद दाराला 3 घरं जादा धरा. नाहीतर जाड कातळापलीकडच्या वटवाघळाची फडफड शेजारच्या खोलीतल्यासारखी ऐकू येते आणि खेळणारा नाही तिथं दार शोधत बसतो.

ढकल

नियम दोन ओळींत मावतो. शेजारच्या शत्रूला समोरच्या दिशेनं एक घर मागं सारायचं, खर्च 1 चाल. मागचं घर मोकळं असेल तर तो सरकतो. भिंत असेल तर जागेवरच 1 इजा, म्हणजे 1 जीव कमी. दुसरा शत्रू असेल तर दोघांना 1-1. खंदक असेल तर खाली, पण उडणारा पडणार नाही. 2018 चा 'इनटू द ब्रीच' हा चालींचा गेम बव्हंशी असल्या ढकलाढकलीवरच उभा आहे. एवढ्या छोट्या नियमातून किती निघतं, ते त्यात बघून घ्यावं.

इथं फासे नकोत. खंदकाच्या काठावर उभ्या पहारेकऱ्याला ढकललं आणि 'नेम चुकला' असं आलं, तर पुढच्या वेळी खेळणारा सरळ तलवारच चालवतो. ढकल शंभर टक्के लागू द्या. आडकाठी वजनाची ठेवा, म्हणजे हत्तीएवढ्या राक्षसाला हलवताच येणार नाही.

खरी गोची दुसरीकडं आहे. तुम्ही ढकललं, तो एक घर मागं गेला. त्याच्या चालीत तो पुढं आला. परत ढकललं. असं चालू राहिलं तर तो कधीच वार करत नाही. गेममध्ये जखम आपोआप भरत असेल, समजा 9 चालींना 1 जीव, तर 20 जीव भरायला 180 वेळा ढकललं की झालं. हे कोणीतरी शोधणार आणि मग सगळे तेच करत बसणार. उपाय सोपा आहे: एकदा ढकललेला शत्रू पुढच्या 4 चाली पाय रोवतो, म्हणजे त्याला परत ढकलता येत नाही. तेवढ्यात तो वार करतो, म्हणून ढकलायचं कधी याला किंमत येते. शत्रूच्या चित्रावर पाय रोवल्याची खूण दाखवा, नाहीतर लोक त्याला बग समजतील.

अजून दोन जागी पाय घसरतो. दोन भिंतींच्या कोपऱ्यांमधून तिरकं चालता येत नसेल तर तिरकं ढकलताही येऊ नये. ही तपासणी चालण्याच्या फंक्शनमध्ये असते आणि ढकलताना विसरते. आणि ढकललेल्याची पाळी रांगेत जिथं होती तिथंच राहू द्या. जागा बदलताना त्याला नव्यानं रांगेत घातलं तर त्याला फुकटची चाल मिळते किंवा त्याची चाल बुडते.

धूर

तिन्हींत मातीचा वास यालाच आहे. देवगिरीची अंधारी म्हणजे कातळातलं वळणावळणाचं काळोखी भुयार. शत्रू आत शिरला तर वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत सोडायची सोय तिथं होती. ओला कडबा आणि शेगडी एवढ्या सामानावर ही कृती गेममध्ये आणता येते.

प्रत्येक घरात धुराचा आकडा ठेवायचा, 0 ते 100. 30 च्या वर गेला की आरपार दिसत नाही, 60 च्या वर खोकला लागून दर चालीला 1 जीव जातो. एका शेगडीतून एकूण 1000 धूर निघतो असं धरा. दोन्ही तोंडं बंद असलेल्या 12 घरांच्या चिंचोळ्या बोळात तो पसरला की घरटी 83 होतो. तिथं शत्रू आंधळा होतो, पण तुम्हीही आत थांबलात तर मराल. तोच धूर 10 बाय 10 च्या दालनात घरटी 10 वर येतो आणि काही कामाचा राहत नाही. म्हणजे कुठं पेटवायचं, हाच सगळा खेळ. दर चालीला घरामागं 2 धूर विरला तर बोळात साधारण 26 चाली डोळ्याला डोळा दिसत नाही.

पण काम वाढतं. धुराचे आकडे त्याच तक्त्यात बदलत गेलात तर तक्ता वाचायच्या दिशेनं, म्हणजे उजवीकडं आणि खाली, धूर वाहू लागतो आणि वारा सुटल्यासारखं दिसतं. म्हणून तक्ते दोन ठेवा, एक वाचायला, एक लिहायला. भागाकारात उरलेली बाकी टाकून दिली तर धूर लवकर विरतो, ती मूळ घरातच ठेवा. शत्रूला दिसेनासं झालं की तुम्ही शेवटचे जिथं दिसलात तिथं तो जायला पाहिजे. हे तुमच्या शत्रूला आधीपासून येत नसेल तर धुराआधी ते लिहावं लागेल. सेव्ह फाइलमध्ये धूर साठवायला विसरलात, तर गेम बंद करून उघडला की बोळ लख्ख.

मग कोणतं?

एकट्यानं, सुट्टीच्या दिवशी बसून करायलाय? मग ढकल घ्या. नियम लहान आहे, नवं चित्र जवळजवळ लागत नाही आणि खंदक, खड्डा, काटे जे काही आधीच काढलंय त्या सगळ्याला नवी किंमत येते. मजल्यावर काठ आणि खड्डेच नसतील तर मात्र ढकल फुसकी ठरते, आधी ते घाला. दोघं-तिघं असाल, शत्रूला माग काढता येत असेल आणि नकाशात बोळ जास्त असतील, तर धुरावर महिना घालवा, वाया जाणार नाही.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट, बटणावर लिहायच्या शब्दाची. देवनागरीची जुळवणी न करणाऱ्या गेम बनवायच्या इंजिनात, उदाहरणार्थ गोडो (Godot) च्या 4 च्या आधीच्या आवृत्त्यांत, 'फिरव'मधली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते आणि 'शस्त्र' तुटून पाय मोडल्यासारखं दिसतं. 'ढकल'ला काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही, ते कुठंही नीट उमटतं. 'धूर'चा ऊकार सरकू शकतो, तिथं चित्रच वापरा.

कोड लिहायच्या आधी चौकटीच्या वहीवर 8 बाय 8 घरं आखा. शत्रूला चिंचोके, स्वतःला खडा. खंदकाची एक रांग पेन्सिलीनं काळी करा आणि गेम माहीत नसलेल्या कुणाला तरी दहा डाव खेळू द्या. दहाच्या दहा डावांत पहिल्या चालीलाच ढकल आली, तर पाय रोवायच्या चाली 4 च्या 6 करा. एकाही डावात आली नाही, तर खंदकाची रांग दोन घरं अलीकडं आणा आणि परत मांडा.