चित्रीकरण नसलेला प्रसंग: अ‍ॅनिमेशन की नट?

माहितीपटातल्या प्रसंगाचं चित्रीकरणच नसेल, तर तो नटांकडून उभा करावा की अ‍ॅनिमेशनने?

मेहनत अ‍ॅनिमेशनला कितीतरी जास्त. सेकंदाला २४ फ्रेम आणि दर दोन फ्रेमना एक चित्र धरलं, तरी मिनिटाला ७२० चित्रं. म्हणून ज्या मुलाखतीवरून चित्रं काढायची, तिचं संकलन आधी पक्कं करा. नंतर वाक्य कापलं की काढलेली चित्रं वाया जातात.

विश्वासार्हतेत मात्र अ‍ॅनिमेशन सरस, कारण ते पुनर्रचना आहे हे लपत नाही. नटांचं दृश्य खऱ्या फुटेजमध्ये बेमालूम मिसळतं आणि प्रेक्षक फसतो. साक्ष खरी असेल तर अ‍ॅनिमेशनही माहितीपटच. ‘फ्ली’ या अ‍ॅनिमेटेड माहितीपटाला (२०२१) ऑस्करच्या माहितीपट आणि अ‍ॅनिमेशन या दोन्ही विभागांत नामांकन होतं.

साक्षीदाराची ओळख लपवायची असेल किंवा आठवणी, स्वप्नं दाखवायची असतील तर अ‍ॅनिमेशन घ्या. वेळ कमी असेल तर नट, पण पडद्यावर ‘पुनर्रचित दृश्य’ ही पट्टी हवीच.