क्लॅन शोधायचा तर नुसता ‘क्लॅन’ टाकू नका : क्रॉनिकलिंग अमेरिकाची पारख

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००७ मध्ये खुला केलेला ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा जुन्या वर्तमानपत्रांचा ऑनलाइन साठा मोफत आहे, खातं काढावं लागत नाही. फोंड्या-मडगावच्या कॉलेजांत इतिहासाचा प्रकल्प करणाऱ्यांना तो उपयोगी पडेल का, हे बघायला एल पासो शहरातला कू क्लक्स क्लॅन (कृष्णवर्णीय, कॅथलिक, परदेशी यांचा द्वेष करणारी गोऱ्या वर्चस्ववाद्यांची गुप्त संघटना) हा विषय उत्तम. नदीच्या अलीकडे टेक्ससमधलं एल पासो, पलीकडे मेक्सिकोचं सिउदाद हुआरेस. १९२१ मध्ये इथे ‘फ्रंटियर क्लॅन नंबर १००’ उभा राहिला. १९२२ मध्ये शाळा मंडळाच्या निवडणुकीत त्याची माणसं निवडून आली. फेब्रुवारी १९२३ मध्ये महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) निवडणूक झाली, तीत आर. एम. डडली यांनी क्लॅनच्या पाठिंब्यावरच्या पी. ई. गार्डनर यांना पाडलं आणि संघटनेचा बहर ओसरला. जेमतेम दोन वर्षांचा काळ. त्यामुळे शोध कुठे फसला ते लवकर कळतं.

बहुतेकांचा शोध पहिल्याच पायरीवर फसतो. ‘क्लॅन’ टाकलं की १८७०च्या आसपासचा जुना क्लॅनही येतो. म्हणून आधी राज्य टेक्सस आणि १९२१ ते १९२३ अशी तारीख लावावी, मग शब्द टाकावा. पानांवरचा मजकूर यंत्राने वाचलेला आहे, माणसाने तपासलेला नाही. झिजलेल्या टायपातला ‘एल’ यंत्राला ‘आय’ वाटतो. शब्द ओळीच्या शेवटी तुटला तर त्याचे दोन तुकडे होतात. मुद्दाम चुकीचं स्पेलिंग टाकून पाहिलं तर सरळ शोधात निसटलेली पानंही कधी कधी हाती लागतात. ‘के. के. के.’ ही आद्याक्षरं टिंबांसह आणि टिंबांशिवाय, दोन्ही तऱ्हांनी शोधावीत.

दुसरा फटका रिकाम्या महिन्यांचा. ‘एल पासो हेराल्ड’ इथे आहे, पण त्याची सगळी वर्षं आहेत असं धरून चालू नये. अंकांची दिनदर्शिका उघडून कोणते महिने चढवलेत ते आधी पाहावं. नाहीतर निकाल शून्य येतो आणि विद्यार्थी बिनधास्त लिहून टाकतो की वर्तमानपत्रं गप्प होती. प्रत्यक्षात ‘एल पासो टाइम्स’ क्लॅनच्या उघड विरोधात होता. भोक पडलं असेल तिथे शेजाऱ्यांकडे जावं : ॲरिझोनातला ‘बिस्बी डेली रिव्ह्यू’, न्यू मेक्सिकोतला ‘आल्बुकर्की मॉर्निंग जर्नल’. नॉर्थ टेक्सस विद्यापीठाचं ‘पोर्टल टू टेक्सस हिस्टरी’ही मोफतच आहे. तारखा पक्क्या करायला आधी ‘हँडबुक ऑफ टेक्सस’ या टेक्ससच्या इतिहासकोशातली नोंद वाचून घ्यावी, दहा मिनिटांचं काम आहे.

या साठ्याची खरी मजा मात्र क्लॅन हा शब्द सोडून दिल्यावर येते. संघटना फोफावली ती नुसत्या द्वेषावर नाही. १९२० पासून तिचा प्रसार कमिशनवर चालला : प्रवेश फी १० डॉलर, त्यातले ४ सभासद आणणाऱ्या एजंटचे. सप्टेंबर १९२१ मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ने हा सगळा हिशेब लेखमालेत उघडा पाडला, आणि ती माला इतर शहरांतल्या दैनिकांनीही छापली. म्हणून एजंटला संघटनेत जे नाव होतं, ‘क्लीगल’ (Kleagle), ते टाकावं. फालतू निकाल जवळजवळ येत नाहीत.

पडझडीसाठी शोधायचा शब्द ‘पोल टॅक्स’. टेक्ससमध्ये मत द्यायचं तर आधी हा कर भरावा लागे : राज्याचा दीड डॉलर, वर जिल्ह्याचे २५ सेंटपर्यंत, आणि मुदत जानेवारीअखेर. म्हणजे कौल फेब्रुवारीत लागला, तरी मतदार कोण हे आधीच ठरलेलं असे. शहरात मेक्सिकन वंशाची वस्ती निम्म्याहून जास्त, बहुतेक कॅथलिक. या मतदारांना वगळून राजकारण करणाऱ्या संघटनेला तिथे लांबचा पल्ला गाठणं कठीणच होतं. जानेवारी १९२२ आणि जानेवारी १९२३चे जे अंक मिळतील, त्यांत करभरणीच्या बातम्या वाचल्याशिवाय निवडणुकीवर लिहू नये.

वाळपई-काणकोणकडे पावसाळ्यात रेंज डळमळते, तिथे जेपी२ प्रतिमेच्या वाटेला जाऊ नये, फाइल जड असते. एकेका पानाची पीडीएफ घ्यावी. फाइलच्या नावात वर्तमानपत्र, तारीख, पान क्रमांक त्याच वेळी लिहावा, नंतर जुळवत बसणं म्हणजे डोकेदुखी.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कच्च्या यंत्रवाचनापायी गेला. पुरता एक गुण कापला तो इंग्रजी पानांतून शहराची एकच बाजू दिसते म्हणून. १९१९ पासून सिल्वेस्त्रे तेर्रासास एल पासोतूनच ‘ला पात्रिया’ हे स्पॅनिश पत्र काढत होते. भाषेच्या गाळणीत स्पॅनिश निवडून एक फेरी मारावीच. घरात पोर्तुगीज शिकलेले आजोबा असतील तर त्यांना शेजारी बसवावं, दोन्ही भाषा जवळच्या, अर्धंअधिक पान त्यांना लागतं.