चेक परत आला: कलम १३८ की दिवाणी दावा?

सोलापुरातल्या एका चादर कारखानदाराला व्यापाऱ्याने दिलेला चेक वटला नाही. आता कुठे जायचं: निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेकसंबंधीच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार, की पैसे वसुलीचा दिवाणी दावा?

मुदत आधी पाहा. १३८ साठी बँकेचा मेमो (चेक परत आल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यावर १५ दिवस वाट, मग महिन्याभरात तक्रार. नोटीस चुकली आणि चेकची ३ महिन्यांची मुदतही संपली, की हा रस्ता बंद. म्हणून मेमो हातात पडताच वकील गाठा, ओळखीपाळखीत दिवस घालवू नका. दाव्याला सहसा ३ वर्षं मिळतात. कोर्ट फी मात्र रकमेनुसार.

धाक १३८ चाच: २ वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. दाव्यातल्या हुकूमनाम्यावर (कोर्टाच्या निकालावर) मालमत्ता जप्त करता येते.

चेक देणारा बाजारात पत जपणारा असेल, तर १३८ पुरतं. मुदत गेली किंवा उधारी चेकपेक्षा मोठी असेल, तर दावा. दोन्ही एकाच वेळीही चालतात.