हातच्या मिलिंगला सीएनसी करून अकरा महिने झाले

माझं मशीन एक्स-टू जातीचं, म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापणारं छोटं मिलिंग मशीन. दोघांनी धापा टाकत टेबलावर चढवता येतं, एवढंच. आडवी चाल २२० मिलिमीटर, पुढेमागे १०० च्या आसपास. चार वर्षं हँडल फिरवून वापरलं. सव्वा वर्षापूर्वी दिवाळीच्या सुट्टीत हँडलं काढली आणि सीएनसी करायला, म्हणजे संगणकानं चालवायला, तीन स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या) बसवायला घेतल्या. चार दिवसांत उरकेल असं घरी सांगितलं होतं. पहिला धड जॉब निघाला तो होळीनंतर.

खर्चाचं आधी सांगतो, कारण भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. मशीन सोडून साधारण ४७,००० रुपये गेले. त्यात इलेक्ट्रॉनिक्स निम्म्याहूनही कमी. बाकी सगळं बॉलस्क्रू (नटात गोळ्या असलेले, हलके फिरणारे स्क्रू), बेअरिंग ब्लॉक आणि दुसऱ्यांकडून करून घेतलेलं मशीनिंग. पैसे वाचवायला हे करणार असाल तर करू नका, वर्षभराचे जॉब बाहेरून करून घेतलेत तरी स्वस्त पडेल.

वायरिंग आणि संगणकाचा भाग मला वाटला होता त्याच्या दशांशानंही अवघड गेला नाही. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर जीआरबीएल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), मोटरना करंट देणारे तीन डीएम५४२ ड्रायव्हर, ३६ व्होल्टचा सप्लाय. दोन संध्याकाळी मोटर फिरायला लागल्या. एक गाढवपणा मात्र केला. एक्स (आडवी चाल) आणि वायला (पुढेमागे) १२०४ स्क्रू आहेत, म्हणजे एका फेऱ्याला ४ मिलिमीटर, आणि झेडला (वरखाली) १६०५, म्हणजे ५ मिलिमीटर. मोटरच्या फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हरवर आठचं मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे आठ तुकडे), म्हणजे झेडला मिलिमीटरमागे ३२० स्टेप आणि बाकी दोघांना ४००. मी तिन्हीकडे ३२० टाकले. १०० मिलिमीटर जा म्हटलं की टेबल ८० वर थांबायचं, आणि मी तासभर कपलिंग आवळत बसलो होतो.

खरं काम लोखंडाचं. वायला १६०५ घालायची हौस होती, पण सॅडलखाली (टेबल ज्यावर सरकतं तो भाग) त्याचा नट मावत नाही, म्हणून तिथे १२०४. स्क्रूची टोकं बेअरिंगच्या मापाला उतरवायला भोसरीत एका लेथवाल्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी कानस एकदा घासून बघितली, ती नुसती घसरली. "हा साधा बार नाही साहेब, हार्ड केलेला आहे. एचएसएसचं टूल यावर रडत बसेल. कार्बाइड लावतो, पण टूल गेलं तर पैसे तुमचे." टूल गेलं. पैसे माझे.

त्याच आठवड्यात झेडचा नट स्क्रूवरून उतरवताना मी पुठ्ठ्याची नळी लावायला विसरलो. बॉलनट स्क्रूवरून निसटला की आतल्या गोळ्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही. पार्किंगच्या फरशीवर टपटप आवाज झाला आणि सगळ्या पसरल्या. १६०५ च्या गोळ्या ३.१७५ मिलिमीटरच्या, म्हणजे बरोबर एक सूत. स्कूटरखाली, चपलांच्या रॅकखाली, जाळीच्या कडेला. बायको टॉर्च धरून उभी होती, मी लोहचुंबकाला दोरी बांधून फिरवत होतो. मिळाल्या तेवढ्या रॉकेलमध्ये धुतल्या आणि ग्रीसनं चिकटवत एकेक परत खोबणीत बसवली. एक-दोन कमी भरल्या असाव्यात. नट आजही सरळ चालतो, पण त्या दिवसापासून पुठ्ठ्याची नळी मी खिळ्याला टांगून ठेवली आहे.

तेवढं झाल्यावर जिब, म्हणजे टेबलाच्या सरकत्या खाचेतली ढील घालवणारी पट्टी. बॉलस्क्रू घातला की बॅकलॅश (दिशा उलटताना जाणवणारी ढील) गेला, असं मी मानून चाललो होतो. डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावला आणि टेबल एकदा इकडे, एकदा तिकडे पाठवलं तर काटा ०.०७ मिलिमीटर खात होता. स्क्रू निर्दोष होता. टेबल जिबमध्ये तिरकं होत होतं, आणि वायच्या बेअरिंग ब्लॉकचा बोल्ट अर्धवट आवळलेला होता. जिबची पट्टी काढून, कुठे टेकते ते दिसावं म्हणून निळा रंग लावला तर फक्त दोन टोकांना टेकत होती, मध्ये हवा. काचेवर एमरी पेपर चिकटवून तीन रविवार घासली. आता तिन्ही अक्षांवर ०.०२ च्या आत बसतं. जीआरबीएलमध्ये बॅकलॅशची भरपाई करायची सोय नाही. लिनक्ससीएनसी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण मला विचाराल तर ती सोय नसलेलीच बरी, नाहीतर मी जिबला हातच लावला नसता.

फरक कुठे दिसला ते सांगतो. मी दुर्बिणीच्या माउंटचे लहानसहान भाग करतो, त्यात ६०८ बेअरिंगची घरं असतात, २२ मिलिमीटरची. जिब घासण्यापूर्वी गोल खिसा कापला की चार ठिकाणी, जिथे अक्षाची दिशा उलटते तिथे, नखाला लागेल अशी बारीक पायरी यायची. बेअरिंग हातोडीनं बसायचं. आता अंगठ्यानं दाबलं की बसतं, आणि बसताना जरा हवा सुस्कारते. तो आवाज ऐकायला मी पहिल्या आठवड्यात चार बेअरिंगं उगाचच बसवून काढली.

दुसरा फायदा क्लाइम्ब कट, म्हणजे कटरची धार ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला जॉब सरकवत कापणं. हँडलवर असताना तो मारायची छाती नव्हती. लूज असलेल्या स्क्रूवर कटर टेबलच ओढून घेतो आणि एंडमिल (म्हणजे तो कटरच) तुटते. आता ॲल्युमिनिअमवर शेवटचा हात क्लाइम्बनंच घेतो, कड आरशासारखी येते. ६ मिलिमीटरची दोन धारांची एंडमिल, २५०० आरपीएम, मिनिटाला १५० मिलिमीटरचा फीड. वेग आणखी हवा असतो, पण माझ्या स्पिंडलची (कटर फिरवणाऱ्या दांड्याची) धाव तिथेच संपते. स्टीलवर मात्र अपेक्षा ठेवू नका. मोटर कितीही जोरकस लावा, कॉलम (हेड धरणारा उभा खांब) खाली एका नटावर उभा आहे, तो थरथरणारच.

त्रास दोन झाले, दोन्ही मोठे. पहिला भुताटकीचा. मध्येच मशीन अलार्म १ देऊन थांबायचं, म्हणजे लिमिट स्विच (चाल टोकाला गेली की मशीन थांबवणारा) लागला. स्विचजवळ कोणी नाही! महिनाभर मी सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या. मग एका सकाळी सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला त्याच क्षणी अलार्म आला. स्पिंडलच्या डीसी मोटरच्या आणि स्विचच्या वायरी मी सुबकपणे एकाच पट्टीत बांधल्या होत्या, त्या सुबकपणाचं हे फळ, स्विचच्या वायरी विजेचा खरखराट पकडत होत्या. शील्डवाली केबल आणली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) जोडून जीआरबीएलचं डॉलर ५ हे सेटिंग १ केलं, प्रत्येक इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्यानंतर एकदाही नाही.

दुसरा त्रास जूनमधला. साधा लीडस्क्रू असता तर वीज गेली तरी हेड (स्पिंडलचा वरखाली होणारा भाग) जागच्या जागी राहिलं असतं. बॉलस्क्रू इतका हलका फिरतो की मोटरची वीज गेली की हेड स्वतःच्या वजनानं खाली येतं. हे वाचलेलं होतं, अनुभवलेलं नव्हतं. पहिल्या वळवाला लाइट गेली आणि हेड शांतपणे, अगदी सावकाश, फिरायच्या थांबलेल्या एंडमिलसकट जॉबवर येऊन टेकलं. एंडमिल गेली, जॉब गेला, आणि दोन दिवसांचं काम. जुन्या बाजारातून गाडीच्या डिकीचा गॅसचा दांडा आणून कॉलमला लावला, तेव्हापासून हेड अधांतरी राहतं. शिवाय झेडच्या ड्रायव्हरचा चौथा स्विच बदलून थांबलेला असतानाही पूर्ण करंट ठेवला आहे. मोटर हात ठेववत नाही इतकी तापते, पण स्टेपरला ते चालतं. लाइट आली की होमिंग (मशीनला स्विचवरून मूळ जागा शोधायला लावणं) करायचं, जी५४ चा झिरो (जॉबचा शून्यबिंदू) बोर्डाच्या मेमरीत असतो, तो परत मिळतो. हे एक सुख हँडलवर नव्हतं.

पावसाळ्यात टेबलावर एका रात्रीत गंजाची तांबूस धूळ यायची. ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल रोज रात्री पुसून लावतो. स्क्रूवर धातूचा किस पडू नये म्हणून सोफा शिवणाऱ्याकडून रेक्झिनच्या घड्या शिवून घेतल्या, तयार बेलोच्या दशांश किमतीत. त्याला काय हवं ते समजावायला मात्र हार्मोनियमचा भाता दाखवावा लागला.

एक गोष्ट गेली आणि तिचं वाईट वाटतं. हँडल हातात असताना कटर बोथट झाला की मनगटाला कळायचं. आता कानावर चालतं, आणि कान शिकायला मला चार महिने आणि पाच एंडमिली लागल्या. एकच भोक पाडायचं असेल तर मी अजूनही एक्सच्या मोटरच्या मागच्या टोकाला लावलेलं छोटं चाक फिरवतो, ड्रायव्हर बंद करून. शेजारचे इंजिनिअर हसतात. हसोत. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीनं जगाला संख्या-नियंत्रित मिलिंग दाखवलं, तेही आधीपासून बनलेलं सिनसिनाटी हायड्रो-टेल मशीनच होतं, त्याला शेजारी व्हॅक्यूम ट्यूबचं कपाट जोडलेलं. म्हणजे पहिलाही प्रकार जुगाडाचाच.

कॉलमच्या त्या एका नटावर मी पांढऱ्या मार्करनं रेघ ओढून ठेवली आहे, अर्धी नटावर, अर्धी बेसवर. मध्यंतरी ती दोनदा सरकली होती. मागच्या महिन्यात कॉलमच्या पाठीला १० मिलिमीटरची प्लेट लावून ती बेसला बोल्टनं बांधली. दर रविवारी मशीन चालू करायच्या आधी चष्मा लावून रेघ बघतो. पाच रविवार झाले, सरळ आहे.