सुटे पॅनल की तयार रीफर?

न्हावा शेव्याहून मोंबासाला छोटं कोल्ड स्टोरेज पाठवायचंय? एक तर पफ पॅनल (आत फोम भरलेल्या, थंडी टिकवणाऱ्या भिंतींच्या फळ्या) सुटे करून 40 फुटी कंटेनरमध्ये भरा, नाहीतर वापरलेला रीफर, म्हणजे स्वतःचं थंड करायचं यंत्र असलेला कंटेनरच कोल्ड रूम म्हणून पाठवा.

मला पॅनल आवडतात. नंतर खोली वाढवताही येते. पण प्रवासात एक कड जरी चेपली, तरी सांधा नीट बसत नाही आणि तिथेच पाणी सुटतं. कडांना फोम लावाच. लाकडी खोक्यांवर आयएसपीएम-15चा (लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का हवा. थंड करायच्या यंत्रात 12 किलोपेक्षा कमी अज्वलनशील, बिनविषारी गॅस असेल, तर सागरी धोकादायक मालाचे नियम लागत नाहीत.

रीफरला जोडणीची कटकट नाही. मात्र सीएससी पाटीची (कंटेनर वाहतुकीला सुरक्षित असल्याची पाटी) मुदत तपासा. तिकडे थ्री-फेज वीज नसेल, तर जनरेटर आलाच.